बारशाची गोधडी: जुन्या साड्यांतून, हाताने, फुगा न येऊ देता

बाळासाठी गोधडी शिवायला घेतलेल्या बऱ्याच जणींची तक्रार एकच असते. मधोमध फुगा येतो, कडा लाटेसारख्या होतात आणि पहिल्या धुण्यात वरच्या साडीचा रंग खालच्या साडीला लागतो. मग वाटतं, आपला हातच शिवणाचा नाही. खरं तर गोधडीतला टाका हा हातशिलाईतला सर्वांत सोपा टाका, धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर घालत सरळ पुढे जाणं. गोधडी बिघडते ती पहिला धावदोरा घालण्याच्या आधी, कापड निवडताना आणि थर टाचताना. म्हणून या लेखात शिवणापेक्षा तयारीच जास्त आहे. ती वगळून थेट सातव्या टप्प्यावर उडी मारू नका.

इथे दिलेली पद्धत छत्तीस इंच बाय छत्तीस इंचाच्या चौकोनी, पाच थरांच्या, पूर्णपणे हाताने शिवलेल्या गोधडीची आहे. बाळाला मांडीवर घ्यायला, मालिश-अंघोळीनंतर ठेवायला, जमिनीवर पालथं पडायला शिकताना अंथरायला हे माप पुरतं. याहून मोठी शिवायचा मोह पहिल्या खेपेला टाळा. माप वाढलं की थर सरकण्याचा धोकाही वाढतो.

आधी वेळेचा हिशोब

एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं धरा. अशा पस्तीस ओळी आहेत, म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला बारा ते पंधरा तास. त्यात कापड धुणं, वाळवणं, टाचणं, गोट (कडेची कापडी पट्टी) लावणं आणि शेवटी पूर्ण गोधडी धुऊन वाळवणं मिळवा. रोज तासभर बसणाऱ्या माणसाला महिना सहज लागतो. बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी करायचं असेल, तर बाळ जन्मल्यावर कापड शोधायला निघून काही हाती लागणार नाही.

काही घरांत बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. ती रीत पाळायची असेल तर पाळा, पण साड्या निवडून, धुऊन, रंग तपासून, तुकडे फाडून ठेवा. बाळ आल्यावर थर लावायला बसा आणि गोधडी सव्वा महिन्याला द्या. घाईत शिवलेल्या गोधडीपेक्षा उशिरा दिलेली चांगली.

लागणारं सामान

- जुन्या सुती साड्या, शक्यतो दोन
- जाड सुती दोरा, साठ मीटर तरी. दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागा
- लांब, मोठ्या नाकाच्या दोन सुया
- टाचायला वेगळ्या रंगाचा साधा दोरा
- अंगुस्तान
- टेप, कात्री, शिंप्याचा खडू किंवा झिजून वाळलेली साबणाची चिपटी
- चिकटपट्टी
- लोहचुंबक. कशासाठी ते नवव्या टप्प्यात

दाभण घेऊ नका. त्याने कापडात भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. मशिनचा चिवट पॉलिस्टर दोराही नको. जुन्या मऊ कापडापेक्षा दोरा बळकट असला, की वापरताना ताण पडून टाक्याटाक्याशी कापड चिरत जातं.

## १. साडी निवडणं

गोधडीत साडी सुतीच हवी. नव्या कापडापेक्षा वर्षानुवर्षं धुतलेली साडी बरी, कारण ती आटायची तेवढी आटलेली असते, मऊ पडलेली असते आणि सुई तिच्यातून सहज जाते. बाळाच्या दोन्ही आज्यांकडून एकेक साडी मिळाली तर उत्तम. एकीची वर, दुसरीची खाली.

साडी सुती आहे असं घरातल्यांनी सांगितलं तरी तपासा. आतल्या काठाशी चार धागे ओढून घ्या, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा भरकन जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली की विरून जाणारी राख उरते. सिंथेटिक धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाशी कडक गोळी राहते. थोडी राख आणि थोडी गोळी असं दिसलं तर कापड मिश्र आहे. ते बाळासाठी नको.

मग साडी खिडकीत उजेडासमोर धरा आणि हात-दीड हात करत पुढे सरकवा. निऱ्यांचा भाग, कमरेशी खोचायची जागा आणि फॉल लावलेला पट्टा इथे साडी सर्वांत आधी विरते. विरलेल्या जागी आडवे-उभे धागे वेगळे मोजता येतील इतके विरळ दिसतात आणि दोन अंगठ्यांनी हलकं ताणलं की फट पडते. असा भाग वरच्या किंवा खालच्या थराला वापरू नका. थोडा विरळ भाग मधल्या थरांत चालतो. अंगठ्याखाली फाटणारा भाग तिथेही चालत नाही.

या गोष्टी सुंदर दिसतात, पण बाळाच्या गोधडीत नकोत:

जरीचा काठ. जर टोचते आणि धुतल्यावर तिच्या तारा सुटतात. इरकली लुगड्याचा पदर. अंग सुती असलं तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. तो वेगळा आटतो आणि गोधडी तिथेच चुणते. बाजारातला चकचकीत खण. तो बहुतेक वेळा सुती नसतो, शिवाय ताठ असतो. आरसे, टिकल्या, मणी, बटणं, गोंडे. बाळाच्या हाताला लागेल ते तोंडात जातं, त्यामुळे इथे कसलीही तडजोड नाही.

डांबरगोळ्यांबद्दल सावध राहा. जुन्या साड्या ट्रंकेत किंवा कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवलेल्या असतात. या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनची वाफ कापडात मुरते. नवजात बाळाला, विशेषतः ज्या बाळात जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते त्याला, अशा कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. म्हणून डांबरगोळ्यांत राहिलेली साडी या कामासाठी घेऊच नका, तिची आठवण कितीही जवळची असली तरी. त्या साडीची गोधडी घरातल्या मोठ्यांसाठी शिवा.

## २. धुणं आणि खळ काढणं

साड्या घेतल्या तशाच शिवायच्या नाहीत. फॉल उसवा. जुन्या सुती साडीला खळ किंवा स्टार्च असतो. तो राहिला की सुई अडते, पुढे कापडाला कसर आणि झुरळं लागतात. साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि दोनदा खळबळा. पाण्याला बुळबुळीतपणा आहे तोवर खळ आहे. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याचा थर कापडावर राहतो आणि कापड पाणी नीट शोषत नाही.

कडक उन्हात वाळवा, मग इस्त्री करा. इस्त्री चैनीची गोष्ट नाही. चुरगळलेलं कापड मापात कमी भरतं आणि शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात मोकळं होऊन फुगतं.

## ३. रंगाची परीक्षा

पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळून घ्या. साडीच्या गडद भागावर ठेवा आणि गरम इस्त्री पाच-सहा सेकंद दाबा. पांढऱ्या तुकड्याला रंग लागला, तर ती साडी पुन्हा धुवा आणि पुन्हा तपासा. तिसऱ्यांदाही रंग लागत असेल तर साडी बदला. लाल, मरून, काळा आणि गडद निळा हे रंग जास्त सुटतात.

रंगीत दोरा वापरणार असाल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या. पांढऱ्या गोधडीवर लाल धावदोरा शोभून दिसतो, पण कच्चा निघाला तर प्रत्येक ओळीखाली गुलाबी पट्टा उमटतो.

मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. रंगून विकल्या गेलेल्या कापडाच्या बाबतीत यावर विसंबू नका. रंग सुटतो की नाही ते पांढरा तुकडाच सांगेल.

## ४. तुकडे फाडणं

नेहमीच्या साडीची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे दोनशे पंधरा इंच, आणि पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. दोन्ही काठ वगळून मधलं अंग अडतीस-चाळीस इंच उरतं. आपल्याला अडतीस इंचांचे पाच चौकोन हवेत. साडी धड असेल तर एकाच साडीतून पाचही निघतात आणि काठांतून गोटाच्या पट्ट्याही मिळतात. दोन साड्या असतील तर वरचा आणि खालचा थर चांगल्या भागाचा घ्या, मधले तीन उरलेल्यातून.

गोधडी छत्तीसची आणि तुकडे अडतीसचे का? शिवताना कापड थोडं आत ओढलं जातं आणि थर थोडेफार सरकतातच. चारी बाजूंचा एक-एक इंच शेवटी कापून कडा सरळ करायच्या आहेत.

माप घेऊन कात्रीने फक्त इंचभर काप द्या आणि तिथून कापड फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री मात्र नकळत तिरकी जाते. तिरका कापलेला तुकडा एका कोपऱ्याकडे ताणतो आणि पुढे गोधडी कितीही इस्त्री केली तरी चौकोनी होत नाही. कापड फार जुनं असेल आणि फाडताना वेडंवाकडं जात असेल, तर एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा.

मधल्या थरांसाठी पूर्ण चौकोन मिळत नसेल तर दोन तुकडे जोडून घेता येतात. शिवण घालू नका, तिची गाठ बाळाच्या पाठीला जाणवते. एका तुकड्यावर दुसरा अर्धा इंच चढवून ठेवा. धावदोरा तो धरून ठेवतो. फक्त दोन थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका.

थांबा आणि तपासा: प्रत्येक तुकड्याच्या चारी बाजू मोजा, मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं घ्या. बाजू सारख्या आणि दोन्ही तिरकी मापंही सारखी आली तर तुकडा चौकोनी आहे. तिरकी मापं सारखी नसतील तर ज्या दोन कोपऱ्यांमधलं माप कमी आहे ते धरून तिरका ताण द्या, इस्त्री करा, पुन्हा बघा.

आतल्या थरांबद्दल आणखी एक. ओल झिरपू नये म्हणून मध्ये प्लास्टिक किंवा रेक्झिन घालायचा सल्ला मिळेल. तो मानू नका. प्लास्टिक घातलेली गोधडी गरम होते, चरचर वाजते आणि धुतल्यावर आतून वाळत नाही. फायबरचा थरही नको. गोधडी गादीसारखी फुगीर नको, सपाट हवी. दमट, उकाड्याच्या गावी पाचऐवजी चार थर केले तरी चालतात. थंडीच्या गावी सहा करा, पण त्यापुढे सुई जाणार नाही.

## ५. थर रचणं

ही पायरी फरशीवर करायची. पलंगावर, गादीवर, सतरंजीवर नाही. मऊ पृष्ठभागावर थर सपाट वाटतात, पण खालच्या थरात वळकट्या लपून राहतात.

फरशी पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा तुकडा उलटी बाजू वर करून अंथरा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि चारी कडांना चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलेलं कापड पट्टी काढली की आक्रसतं आणि वरचे थर सैल पडतात.

आता मधले तीन थर एकेक करून ठेवा. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा काटकोनात फिरवून ठेवा. साडी लांबीच्या दिशेने कमी ताणते आणि पन्ह्याच्या दिशेने जास्त. सगळे थर एकाच दिशेने ठेवले तर गोधडी एका बाजूने लांबत जाते. फिरवून ठेवले की थर एकमेकांना सांभाळतात. प्रत्येक थरावर मधून बाहेर असा तळवा फिरवा. शेवटी वरचा तुकडा सुलटी बाजू वर करून ठेवा.

थांबा आणि तपासा: डोळे मिटून दोन्ही तळवे पूर्ण चौकोनावरून फिरवा. जी वळकटी डोळ्याला दिसत नाही ती हाताला कळते. लागलीच तर वरचे थर अर्धे उलटून ती काढा. पुढे ती काढायची म्हणजे ओळी उसवाव्या लागतात.

## ६. टाचणं

नव्याने शिवणाऱ्या बहुतेक जणी हा टप्पा गाळतात. चार कोपऱ्यांना टाचण्या लावतात आणि शिवायला लागतात. सुई प्रत्येक टाक्यात वरचा थर केसभर पुढे ढकलते. हजारो टाक्यांनंतर तो केसभर दोन-तीन इंच झालेला असतो आणि तेवढं जादा कापड कुठेतरी गोळा होतं. तोच फुगा.

वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने, दोन-दोन इंचांच्या लांब टाक्यांनी टाचा. सुरुवात मध्यबिंदूपासून करा. मधून वरच्या कडेकडे, पुन्हा मधून खालच्या कडेकडे, मग मधून डावीकडे आणि उजवीकडे. गोधडीवर अधिकचं चिन्ह तयार होईल. मग त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटांवर उभ्या आणि आडव्या ओळी घाला, प्रत्येक वेळी मधून बाहेर. दोरा ओढून घट्ट करू नका, नुसता टेकवा. प्रत्येक ओळीआधी तळव्याने कापड बाहेर सारा.

टाचण्यांवर भागवू नका. त्या थर एका ठिपक्यावर धरतात, त्यांच्या मधलं कापड मोकळंच राहतं. शिवाय एखादी आत राहून गेली तर काय होईल ते सांगायला नको.

टाचून झालं की चिकटपट्टी काढा, गोधडी उचलून दोन कोपऱ्यांनी उभी धरा आणि हलकेच झटका. मागची बाजू लोंबत असेल, तर तेवढ्या भागाचा टाचदोरा काढून पुन्हा टाचा.

## ७. धावदोरा

खडूने किंवा साबणाच्या चिपटीने वरच्या थरावर छत्तीस इंचांचा चौकोन आखा. त्यात मधली ओळ आखा आणि तिच्या दोन्ही अंगांना एक-एक इंचावर सतरा-सतरा समांतर ओळी. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई राहते. सगळ्या ओळी एकदम आखल्या तर हाताळताना पुसल्या जातात, म्हणून चार-पाच आखा, शिवा, पुढच्या आखा.

आपल्याकडे जाणत्या बायका गोधडी कडेकडून मधे, चौकोनात चौकोन शिवत नेतात. ते देखणं दिसतं. पण त्या दर ओळीला पुढचं कापड हाताने सारत जातात, आणि तो सराव हाताला यायला वेळ लागतो. पहिल्या गोधडीला तसं करू नका. कडेकडून मधे गेलं की जादा कापड कोंडलं जातं. मधून बाहेर गेलं की ते कडेला निघून जातं, आणि कडा तर आपण कापणारच आहोत.

क्रम असा:

१. दीड मीटर दोरा घ्या, एकपदरी. एका ओळीला एक दोरा पुरतो, त्यामुळे ओळीच्या मध्ये गाठ येत नाही.

२. आखलेल्या चौकोनाच्या बाहेरच्या इंचभर पट्टीतून सुई घाला. चौकोनाच्या रेषेच्या किंचित आत आल्यावर दोन टाके एकावर एक घ्या. हे पुढे गोटाखाली झाकले जातात आणि ओळ पक्की राहते.

३. सुईवर एका वेळी तीन-चार टाकेच घ्या. इंचाला चार टाके. सुई शक्य तितकी सरळ खाली घाला, तिरकी घातली की खालचा थर सुटतो.

४. शेवटी पुन्हा चौकोनाच्या आत दोन टाके एकावर एक आणि दोरा कापा.

५. मधली ओळ झाली की तिच्या उजवीकडच्या सगळ्या ओळी, मग डावीकडच्या. एक ओळ डावीकडून उजवीकडे शिवली तर पुढची उजवीकडून डावीकडे शिवा. सगळ्या एकाच दिशेने शिवल्या तर गोधडी तिरकी ओढली जाते.

टाका लहान ठेवायचं कारण सौंदर्य नाही. मागे-पुढे लांब राहिलेल्या टाक्यात बाळाचं बोट अडकतं. दोरा बोटाभोवती आवळला तर मोठ्यांच्या लवकर लक्षातही येत नाही. पाव इंचापेक्षा लांब टाका कुठेही नको.

प्रत्येक ओळीनंतर तीन गोष्टी: ओळीची दोन टोकं धरून हलका ताण द्या, म्हणजे घट्ट ओढलेला दोरा सैल होतो. गोधडी उलटून बघा, मागे टाके सुटलेले नाहीत ना. आणि तळवा फिरवून पुढची जागा सपाट आहे ना ते बघा. या तीन गोष्टींना अर्धं मिनिट लागतं.

टाचदोरा त्या जागेची ओळ शिवून झाल्यावरच काढायचा, आधी नाही. सलग दोन तास बसू नका. दमलेला हात दोरा आवळतो, आणि त्या दिवशीच्या ओळी धुतल्यावर वेगळ्या ओळखू येतात.

अर्ध्यात बिघडलं तर: दोन ओळींच्या मधे कापडाची घडी उभी राहिली, तर पुढे शिवत जाऊन ती जिरेल असं समजू नका. शेवटच्या दोन-तीन ओळी उसवा, वरचं कापड बाहेर सारा, तेवढ्यात पुन्हा टाचा आणि मग शिवा. मागे चार-पाच टाके सुटले असतील, तर उसवायची गरज नाही. त्याच भोकांच्या शेजारून दुसऱ्या दोऱ्याने तेवढा भाग पुन्हा शिवा. सगळीकडे बारीक चुण्या दिसत असतील तर घाबरू नका. त्या गोधडीच्याच असतात, धुतल्यावर आणखी उठून दिसतात. काळजी करायची ती फुग्याची.

## ८. कडा आणि गोट

छत्तीसचा चौकोन पुन्हा मोजून आखा, कारण शिवताना पहिला थोडा आक्रसलेला असेल. चारी बाजू सारख्या येतील असं माप धरा. साडेपस्तीस आलं तरी चालेल. मग कडेपासून पाव इंच आत, चारी बाजूंनी एक धावदोरा घाला आणि त्यानंतरच कापा. आधी कापलं तर पाच थरांची टोकं पसरतात.

गोटासाठी बिनजरीच्या काठातून किंवा साडीच्या अंगातून सव्वादोन इंच रुंद चार पट्ट्या घ्या. दोन गोधडीच्या बाजूएवढ्या, दोन तिच्याहून दोन इंच लांब.

लहान पट्टी गोधडीच्या एका बाजूला, वरच्या थरावर उलटी ठेवा, कडेला कड लावा आणि कडेपासून अर्ध्या इंचावर उलटी टीप (दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जाणारी शिवण) घाला. इथे धावदोरा पुरत नाही. गोधडी धुताना सगळा ताण कडेवर येतो. पट्टी मागे वळवा, तिची कड अर्धा इंच आत दुमडा आणि हेमच्या बारीक टाक्यांनी मागच्या कापडाला लावा. समोरची बाजूही तशीच. मग लांब पट्ट्या उरलेल्या दोन बाजूंना लावा. त्यांचं दोन्हीकडे उरणारं एक-एक इंच टोक आधी आत दुमडून मग पट्टी मागे वळवायची, म्हणजे कोपऱ्यात धागे दिसत नाहीत. चारी कोपरे दोन-दोन जास्त टाक्यांनी पक्के करा.

चूक होते ती पट्टी ताणून लावल्यामुळे. ताणलेला गोट कड गोळा करतो आणि गोधडी वाटीसारखी वर उचलली जाते. पट्टी नुसती ठेवा, ओढू नका.

## ९. सुया मोजणं आणि धुणं

जितक्या सुया घेऊन बसलात तितक्या परत मोजा. एखादी तुटली असेल तर दोन्ही तुकडे हातात आले पाहिजेत. मग लोहचुंबक गोधडीच्या दोन्ही बाजूंनी, बोट-बोट सरकवत पूर्ण फिरवा. त्यानंतर तळव्याने गोधडी दाबत जा. सुयांचा हिशोब लागल्याशिवाय गोधडी घराबाहेर जाता कामा नये. दोऱ्यांची लोंबणारी टोकं कापा, उरलेला टाचदोरा काढा.

मग कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. हातांची मळ, खडू, साबणाच्या रेषा सगळं निघतं आणि गोधडी मऊ पडते. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी जड होते, म्हणून एका दोरीवर लोंबवण्याऐवजी दोन दोऱ्यांवर पसरा.

पाच थर वाळायला वेळ लागतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसही लागतात. वरून कोरडी वाटली तरी मधोमध दोन्ही तळव्यांत दाबून बघा. गार लागली तर आत ओल आहे. तशीच घडी घालून कागदात गुंडाळली तर बारशाच्या दिवशी कुबट वास येईल आणि काळे ठिपके पडतील. म्हणून कार्यक्रमाआधी आठवडाभर तरी गोधडी धुऊन झालेली हवी.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, सुती कापडात गुंडाळा. आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या कपाटात नाही.

## १०. नाव भरायचं असेल तर

बाळाचं नाव गोधडीवर हवंच असेल, तर ते बारशाच्या आधी भरू नका, अगदी ठरलेलं कानावर आलं असलं तरी. आत्या कानात सांगेपर्यंत नावं बदलतात. एक कोपरा मोकळा ठेवून गोधडी द्या आणि चार दिवसांनी अर्ध्या तासाच्या कामासाठी परत मागून घ्या.

अक्षरं साबणाच्या चिपटीने लिहा, साखळी टाक्याने भरा. सुई फक्त वरच्या एक-दोन थरांतून जाऊ द्या, म्हणजे मागच्या बाजूला गाठी येत नाहीत. दोऱ्याची गाठ वरच्या थराखाली ओढून घ्या. शिरोरेघ सर्वांत शेवटी भरा. आधी भरली की अक्षरं तिच्याखाली बसवताना वाकडी होतात.

गोधडी देताना बाळाच्या आईला तीन गोष्टी सांगा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. पहिली, वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना ही गोधडी त्याच्या अंगावर सैल पांघरू नये आणि तोंडाजवळ गोळा होऊ देऊ नये. ती अंथरायला आणि मांडीवर घ्यायला आहे. दुसरी, ओली झाली की लगेच धुवावी, क्लोरीनचं ब्लीच वापरू नये, त्याने जुनं सूत लवकर तुटतं. तिसरी, एखादा टाका सुटलेला दिसला तर त्याच दिवशी दोरा कापून तेवढा भाग पुन्हा शिवावा. त्यासाठी गोधडीच्या घडीत त्याच दोऱ्याची छोटी गुंडी ठेवून द्या, सुई मात्र ठेवू नका.